सहदेव मेहरे ऊर्फ मेहरा

११ जानेवारी

आकांक्षा दुपारच्या गाडीनं अकोल्याहून आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, सापडलं. आबाजींचं सापडलं."

माझी बायको बेबी शेवंतीची फुलं निवडत होती, तिनं मान वर केली. माय मागच्या खोलीत आडवी झाली होती, म्हणून आम्ही तिघं अंगणात जाऊन बसलो.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे माझं मलाच उमगेल. माझे वडील सहदेव मेहरे एकोणीसशे त्रेसष्ट साली कॅनडात गेले. मेकॅनिकचा डिप्लोमा झालेला होता, लग्नाला वर्ष झालं होतं. एकोणसत्तरच्या हिवाळ्यात ते एकदाच घरी आले, दोन महिने राहिले. ते परत गेले आणि पुढच्या ऑक्टोबरात मी झालो. मी त्यांना पाहिलं नाही, त्यांनी मला पाहिलं नाही. मी दुसरीत असेपर्यंत पत्रं यायची. मग तीही थांबली. मायनं अंबादेवीच्या देवळापुढं फुलांची टोपली घेऊन बसत मला वाढवलं. त्या टोपलीचं पुढं दुकान झालं, वलगावच्या शेताचा आमचा हिस्सा कोर्टातून सुटला, आता तिथं आमचीच शेवंती आणि निशिगंध असतो. वडील मात्र आले नाहीत. मला कळायला लागलं तेव्हापासून मी धरून चाललो की तिकडं त्यांनी दुसरी बाई केली.

आता आकांक्षाचं. ती अकोल्याला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कॅनडानं मध्ये कायदा बदलला. तिथल्या नागरिकाचं मूल परदेशात जन्मलं तरी नागरिक, आणि आता नातवंडंसुद्धा. हे तिला मोबाइलवर कळलं. तिनं तिथल्या सरकारकडं जुन्या नोंदी शोधून द्या असा अर्ज केला. त्याचं उत्तर आलं. सहदेव पी. मेहरा, जन्म अमरावती, नागरिकत्वाची शपथ एकोणीसशे अडुसष्ट.

"तुमच्या जन्माच्या आधी, बाबा! सगळं त्या तारखेवरच होतं. नंतर घेतली असती तर काहीच नव्हतं. तुम्ही जन्मापासून तिथले, अन् तुमच्यामुळं मी."

"मी वलगावचा हाय," मी म्हणालो. ती हसली. मी हसवण्यासाठी म्हटलं नव्हतं.

अडुसष्ट. म्हणजे घरी आले तेव्हा ते दुसऱ्या देशाचा पासपोर्ट खिशात घालून आले होते. माय सांगते की त्या दोन महिन्यांत त्यांनी बांधावर उभं राहून नव्या विहिरीची जागा दाखवली होती.

१४ जानेवारी

संक्रांत. पहाटे तीनलाच मालाची गाडी लागली, झेंडू कमी पडला.

संध्याकाळी गल्लीतल्या बाया मायकडं वाण द्यायला आल्या. ब्याऐंशीव्या वर्षी कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात डझनभर हिरव्या बांगड्या. नवी सून आली की लोक तिला आधी मायच्या पाया पडायला आणतात. मागून काही जणी मायला "कॅनडावाली" म्हणतात हे मला माहीत आहे, पण पाया सगळ्याच पडतात.

आकांक्षानं तिला सांगितलं की आजोबांच्या कागदांवरून आपण कॅनडाला जाऊ शकतो. माय तिळाचा लाडू फोडत होती. म्हणाली, "कोन कोन जातं?"

"मी एकटीच, आजी."

"बरं," म्हणाली आणि लाडवाचा अर्धा भाग तिच्या हातावर ठेवला.

३ फेब्रुवारी

माझा जन्म मायच्या माहेरी, बार्शीटाकळीला झाला. त्यामुळं दाखला तिथूनच काढावा लागणार. आकांक्षाचं तीनदा विचारून झालं. मागच्या आठवड्यात लगीनसराईचं काम होतं, त्याच्या आधी पंपाची मोटर जळाली. परवा जायचं ठरवलं तर मला सर्दी झाली. बेबी म्हणाली, "तुमी मुद्दाम टाळून राहिले." मी म्हटलं, टाळायचं काय त्यात? पोरीचं चांगलं होत असेल तर मी कशाला टाळीन.

सर्दी खरंच होती.

९ फेब्रुवारी

बार्शीटाकळी. आकांक्षा अकोल्याहून मोटरसायकलवर आली, मी बसनं. नगरपंचायतीत जुनं जन्म-मृत्यू रजिस्टर निघालं, त्यात मीही निघालो. मुलगा. बापाचं नाव सहदेव पुंजाराम मेहरे, धंदा नोकरी, परदेश. कोणी लिहिलं असेल ते, अक्षर मोठं सुरेख. दाखला चार दिवसांनी मिळेल.

दुपारी सुभद्रामामीकडं जेवलो. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, मामीला आता कमी दिसतं. डोमाजीचा विषय निघाला. डोमाजी म्हणजे वडिलांचा मित्र, याच गावचा, दोघं बरोबरच कॅनडात गेले होते. डोमाजी परत आला आणि इथंच वारला.

मामी म्हणाली, "डोमाजी परदेशातून आला तवा तू बारावीत होता. तुही माय त्याले भेटाले आली अन् तीन दिवस अथीच पडून राह्यली. अन्नाले शिवली नाई. मी म्हनो, बाई, दवाखान्यात चाल. चौथ्या दिवशी उठली, डोक्यावरून पानी घेतलं, ठसठशीत कुकू लावलं अन् गेली अमरावतीले."

मला आठवलं. ताप आला होता असं माय तेव्हा म्हणाली होती. परीक्षा तोंडावर होती आणि घरी स्वयंपाकाला कोणी नाही म्हणून मी तिच्यावर चिडलो होतो.

आकांक्षा मामीकडं बघत राहिली. मला बसस्टँडवर सोडलं आणि लगेच निघाली. दमली असेल.

२१ फेब्रुवारी

आकांक्षाचा फोन. दुकानात गिऱ्हाईक होतं, मी बाहेर रस्त्यावर येऊन घेतला.

विनिपेग नावाच्या गावातल्या कुणा मराठी बाईंनी तिला मदत केली. वडील त्याच गावात राहत. ते वारले आहेत. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, हृदयविकारानं. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलंय: विवाहित. पत्नीचं नाव लीला, भारत. म्हणजे माय.

"दुसरं कोणाचं नाव?" मी विचारलं.

"नाही बाबा. दुसरं कोणीच नाही."

मी परत आत गेलो, एका माणसाला मोटारीसाठी हार बांधून दिला. सुट्टे द्यायचे राहिले, तो परत मागायला आला.

अठ्ठ्याऐंशी. मी बारावीचा अभ्यास करत होतो. आणि हा माणूस तेव्हाच संपला होता. त्यानंतर मी इतकी वर्षं एका मेलेल्या माणसाला शिव्या दिल्या.

बेबीला सांगितलं. तिचा पहिला शब्द, "मायचं कुकू."

२२ फेब्रुवारी

सकाळी माय देवापुढं बसली होती. आधी देवीला कुंकू, मग स्वतःला, मग गळ्यातल्या पोतीला बोट टेकवलं. मी दारातून पाहत होतो. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा घेतला का?"

सांगणार नाही. काय करायचं सांगून? या वयात तिचं कपाळ कोणासाठी पुसायचं?

११ मार्च

नवी अडचण. तिकडं वडिलांनी नाव मेहरा करून घेतलं, माझ्या दाखल्यावर मेहरे आहे. आकांक्षाला तिकडून कळवलंय की दोन्ही नावं एकाच माणसाची याचा पुरावा लागेल. इथल्या वकिलांनी सांगितलं, पत्नी हयात आहे तर तिचंच प्रतिज्ञापत्र करा, त्याहून पक्कं काही नाही.

मसुदा वाचला. 'मी, श्रीमती लीलाबाई, मयत सहदेव पुंजाराम मेहरे ऊर्फ मेहरा यांची विधवा...'

मी म्हटलं, "साहेब, सौभाग्यवती लिहा ना."

"मयताच्या बायकोला सौभाग्यवती कसं लिहू? सोबत मृत्यूचा दाखला लावतोय आपण."

"मग नुसतं पत्नी लिहा."

वकिलांनी चष्मा काढला. "आईंना सांगितलं नाही तुम्ही?"

मी म्हटलं, ती वाचणार नाही, मी बोट ठेवीन तिथं सही करेल. सही येते तिला.

आकांक्षाला फोनवर सांगितलं तर ती भडकली. "असं फसवून नको, बाबा. त्यापेक्षा मी अर्जच मागं घेते." मी म्हटलं, घे. मग मीच म्हणालो, मागं घेऊ नको, मी बघतो.

१७ मार्च

कोर्टाच्या आवारात नोटरीकडं गेलो. मी आणि माय; आकांक्षा अकोल्याहून परस्पर तिथं आली, तिला वाटलं मी सांगून टाकलंय. मायनं ठेवणीतलं मोरपंखी लुगडं नेसलं होतं. ऑटोत मी तिला सांगितलं की नावात चूक आहे, ती दुरुस्त करायला सही पाहिजे. तिनं मान हलवली.

मी कागदावर बोट ठेवलं. मायनं पेन घेतला. पण नोटरीबाई म्हणाल्या, "थांबा, आजींचं वय आहे, मला वाचून दाखवावं लागेल." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. बाकावर चार माणसं बसलेली. श्रीमती लीलाबाई. मयत सहदेव. विधवा. बाईंचं लक्ष तेव्हा मायच्या कपाळाकडं गेलं, आणि त्या अडखळल्या. वाक्य त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

माय म्हणाली, "दोनदा नोका वाचू, बाई. मले मालूम हाय."

आणि सही केली. लीलाबाई स. मेहरे. सावकाश, एकेक अक्षर.

बाहेर आल्यावर निंबाखाली बसली, पाणी मागितलं. आकांक्षा बाटली आणायला धावली.

मी विचारलं, "कधीपासून?"

"तू बारावीत होता."

१८ मार्च

दुकान बेबीवर सोडलं. सकाळी माय आणि मी पडवीत बसलो. ती बोलत होती आणि हातानं निशिगंध ओवत होती. मी थांबवलं नाही. ती बोलली तसं लिहितो.

"डोमाजीनं सांगतलं. त्यायचा हात मशीनमंदी गेला होता, उजवा. तू दुसरीत होता तवा. मंग काम गेलं. मोटारी ठेवतात तथी रातचे चौकीदार होते. लिहाचं कोन्या हातानं? अन् काय लिहाचं? डोमाजी म्हने, वहिनी, दर वर्षी तो म्हने, अवंदा जातो. मंग म्हने, असा कसा जाऊ. डोमाजीनंच अग्नी देल्ला. तथी इतकं बरफ होतं म्हने का मानसं पाय धरून धरून चालत."

"दुसरी बाई?"

"नोती. तूच म्हने दुसरी बाई. मी कदी म्हटलं?"

खरं आहे. तिनं कधीच म्हटलं नव्हतं.

मी विचारलं, "मले काहून नाही सांगतलं?"

"तुही परीक्षा होती. मंग कालेज. मंग दर वेळी काईबाई होतंच." सुई थांबली. "अन् तुले सांगतलं असतं त सगळ्याइले सांगा लागलं असतं. तवा आपल्याजवळ काय होतं? तुह्या काकानं शेतात पाय ठेवू देल्ला नोता. देवळापुढची टोपली होती. लगनाच्या मुंडावळ्या, नवरीच्या वेण्या, डोहाळजेवनाची वाडी. हे सारं सवाशीनीच्या हातचं लागते लोकाइले. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं ओवलेली मुंडावळ कोन बांधन पोराले? त्या तीन दिवसांत हाच इचार केला म्या. रडाचं का पोराले खाऊ घालाचं. डोमाजीले देवीची शपथ घातली, कोनाले सांगू नोको म्हनून."

"मग रडलीच नाहीस?"

"कुटं रडू? बाजारात का देवळात? वडाले दोरा बांधाले गेलो दर साली. देवीले म्हनो, पाप माह्या एकटीले लाव, पोराले लावू नोको."

मी पन्नाशी उलटलेला माणूस, तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि लाज वाटली. निशिगंधाचा हार पुरा झाला तेव्हा तिनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला, आणि बेबीला हाक मारून म्हणाली, "हे देवळात देऊन दे. आजपासून मले ओवाले देऊ नोको."

१९ मार्च

सकाळी तिनं स्वतःच कुंकू पुसलं. बेबी हात धरत होती, "आता कोन पुसते, आत्या? राहू द्या, कोनी काही म्हनत नाही." मायनं ऐकलं नाही. "इतकी वर्सं चोरीचं लावलं वं. आता त मले खरं राहू दे."

आणि मग रडली. मी तिला रडताना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. कालच घरातून तिरडी उठल्यासारखी, आवाज काढून, त्यांचं नाव घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून नाव ऐकलं. शेजारच्या बाया धावत आल्या. कोण गेलं, कोण गेलं म्हणून विचारायला लागल्या आणि काय सांगावं ते कळेना.

आकांक्षा तिला धरून बसली होती. माझ्याकडं पाहून म्हणाली, "मी केलं हे."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं.

२३ मार्च

कौंडण्यपूर. वर्धेच्या काठावर न्हाव्यानं माझे केस उतरवले. गुरुजींनी विचारलं, केव्हा वारले? मी सांगितलं तर त्यांनी पुन्हा विचारलं. गावातले दोघं-तिघं सोबत आले होते, ते आपसात बोलत होते. पुतळा करून जाळायचा का असं गुरुजींनी विचारलं. माय आधीच सांगून बसली होती, "अग्नी झालेला हाय. एका मानसाले दोनदा जाळाचं नाई."

पिंड हातात घेतला आणि आठवू लागलो, तर आठवायला काहीच नाही. एक फोटो आहे, लग्नातला, त्यात ते अर्धे मंडपाच्या खांबामागं आहेत. म्हणून मी हाताचा विचार केला. उजवा हात नसलेला एक माणूस बर्फात मोटारी राखतो आहे आणि म्हणतो आहे, अवंदा जातो. मग पाणी सोडता आलं.

२६ एप्रिल

लिहायला झालं नाही. लग्नं एकावर एक.

आज कॅम्पातल्या बाई आल्या. त्यांच्या घरची चार लग्नं मायच्या हातच्या मुंडावळ्यांवर झाली, आता धाकट्या मुलाचं आहे. ऑर्डर लिहून झाली, मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "मुंडावळ्या बेबीवहिनींच्या हातच्या द्याल ना? माझं काही नाही हो. सासूबाई मानतात."

माय दुकानातच मागं बसलेली होती. ती आताशा ओवत नाही, फक्त पाकळ्या निवडते. तिनं ऐकलं. बाई गेल्यावर मी तणतणलो. ऑर्डर परत करतो म्हणालो.

"तिचं चुकलं नाई," माय म्हणाली. "मी बी मानतो."

"काय मानतेस?"

"तुले मालूम नाई. दर लग्नाले मले भेव लागे. मुंडावळ ओवताना मी देवीचं नाव घेत होतो. परतवाड्याच्या रोडवर त्या बुधाजीचा जावई गेला, लग्नाले वर्स नोतं झालं. त्या पोरीच्या वेण्या, मुंडावळ्या, सारं माह्या हातचं होतं."

"माय, तो ट्रकखाली आला. त्यात तुझा काय संबंध?"

"असन नसन," ती म्हणाली. "मी त्या पोरीच्या घरापुढून कदी गेलो नाई मंग."

मी पुष्कळ समजावलं. बेबीनं समजावलं. फोनवर आकांक्षानं अर्धा तास समजावलं. ती हो हो म्हणत राहिली आणि पाकळ्या निवडत राहिली.

२९ जून

वटपौर्णिमा. गल्लीतल्या बाया ताटं घेऊन गेल्या. माय खिडकीपाशी बसली होती, म्हणाली, "पाय मोकळे झाले माहे." मला वाटलं तिला बरं वाटतंय. बेबी म्हणते, बरं वाटत नाही, त्या जेवल्या नाहीत.

१५ ऑगस्ट

आकांक्षा आली होती. राहिलेले कागद पाठवून तीन महिने झाले, उत्तर नाही. मी म्हटलं, नाही आलं तरी काय बिघडलं? अमरावतीत दवाखाने कमी आहेत का? तिनं सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला मी जायला नको आहे का?"

मी म्हटलं, तसं कुठं म्हटलं मी. कागद मीच तर जमवले.

१९ नोव्हेंबर

आलं. आकांक्षा मनोज मेहरे, कॅनडाची नागरिक. तिनं अकोल्याहून फोटो पाठवला. बेबी रडली आणि पेढे आणायला गेली. मी शेतावर गेलो, पाणी द्यायचं होतं.

इथलं नागरिकत्व आता सोडावं लागेल. तिकडचा पासपोर्ट निघाला की इथला जमा करायचा. तिनं सगळी चौकशी केली आहे. आपल्या घरी यायला तिला परवानगीचा कागद लागेल. ती म्हणते नुसता उपचार आहे तो, सगळ्यांना मिळतो.

मायला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "तथी थंडी असते ना? मशीनीचं काम त नाई तिचं?"

"नाही. लोकांच्या हातापायाचे व्यायाम घ्यायचे. हात गेलेल्या, पाय गेलेल्या माणसांना शिकवायचं."

माय म्हणाली, "चांगलं काम हाय."

१७ जानेवारी

आज गेली. बडनेऱ्याहून मुंबईची गाडी, तिथून उद्या विमान. तिच्या मोठ्या बॅगची चेन अडत होती, मी ती मेण लावून सरळ केली. ऐन वेळी धावाधाव नको म्हणून दोन तास आधी निघायचं ठरवलं होतं.

बेबीनं ताट केलं. निरांजन, सुपारी, अक्षता. आकांक्षा पाटावर बसली आणि म्हणाली, "आई, तू नको. आजीनं ओवाळायचं मला. मी कोणाचं ऐकणार नाही. विधवा अन् सवाशीण मी मानत नाही."

सगळे मायकडं पाहत होते. मला वाटलं, घेईल ती ताट. घ्यावं असं फार वाटलं.

माय उठली, पाटाजवळ आली, ताटाला हात लावला नाही.

"नाई, पोरी."

"आजी, कोणी काही म्हणणार नाही."

"त्याच्यासाठी नाई." तिनं आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "त्यायले म्या ओवाळलं होतं. याच दारात. पदर पसरून देवीले सांगतलं होतं, सुखरूप आन. वर्सभरात येतो म्हनाले. म्हनून तुले नाई ओवाळत. तू अशीच जा."

आकांक्षाचा बांध फुटला. तिच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "मी येईन ग, आजी. दिवाळीला येते."

"येजो. अन् येनं नसन होत, त तसं सांगजो. हात गेला त गेला म्हनून सांगजो. काई झालं तरी सांगजो. मले वाट पाहाले लावू नोको, माह्याजवळ आता तेवढे दिस नाईत."

निरांजन तसंच ताटात जळत राहिलं. बेबीनं ते देवापुढं नेऊन ठेवलं.

गाडी वेळेवर आली. सामान चढवलं, जागा खिडकीची मिळाली. तिनं काचेआडून काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. मी हो म्हणून मान हलवली.

घरी आलो तर माय पडवीतच होती.

"बसली का नीट?"

"बसली."

"काय म्हने?"

"दिवाळीले येतो म्हने."

बेबीनं पानं घेतली. आम्ही तिघं जेवायला बसलो.